अठ्ठाविसाव्या दिवसाचा फोन

नोकरीची शेवटची दीड वर्षं उरली होती, तेव्हा माझ्याकडे फोन करायचं काम आलं. त्याआधीची एकतीस वर्षं मी रक्त तपासण्यात घालवली, आणि एवढ्या वर्षांत रुग्णाशी बोलायची वेळ माझ्यावर फारशी आली नव्हती. आमची प्रयोगशाळा तातडीच्या विभागाला लागून होती. मधल्या भिंतीत एक खिडकी. सिस्टर तिकडून नळी ठेवायची, काचेवर टकटक करायची, मी नळी उचलायचो. नळीवर नाव, वय, बाई की पुरुष, एवढं लिहिलेलं. तपासणी झाली की आकड्यांचा कागद त्याच खिडकीतून परत. ते रक्त ज्याचं, तो माणूस कसा दिसतो, शुद्धीत आहे की नाही, त्याच्यासोबत कोण आलंय, हे मला कधी कळायचं नाही. मी ते कळून घ्यायला उठलोही नाही, हेही खरं. बाजारात कोणी भेटायचं, म्हणायचं, "साहेब, आमची आत्या तुमच्याच दवाखान्यात होती पंधरा दिवस." मला आत्या आठवायची नाही. तिच्या किडनीचा आकडा, क्रिएटिनिन, सांगितला असता तर कदाचित आठवली असती.

त्या काळात मी जालन्यात घरी एकटाच राहत होतो. पुण्याला मुलाकडे नात झाली, सूनबाई नोकरी करणारी, म्हणून बायको तीन महिन्यांसाठी तिकडे गेली. तीन महिन्यांचे सहा झाले, मग वर्ष झालं. नात बालवाडीत जायला लागली तरी बायको तिकडेच. आमचं भांडण नव्हतं. रोज फोन व्हायचा. गोळी घेतली का, दूध आणलं का, नळाला पाणी आलं का. दोन मिनिटांत विषय संपायचे. माझा गॅस सिलिंडर इतके महिने पुरायचा, की एकदा टाकी आणणारा माणूस दारात म्हणाला, "साहेब, मला वाटलं तुम्ही गाव सोडलं."

त्याच वर्षी आमच्याकडे एक डॉक्टर मॅडम आल्या. कोकणातल्या, तिशीच्या आतल्या. मला पहिल्या दिवसापासून काका म्हणायच्या. त्यांना एक अभ्यास करायचा होता. तो त्यांनी मला प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसून समजावून सांगितला.

"काका, गंभीर पेशंट आला की त्याचं पहिल्या तासातलं रक्त घ्यायचं. लॅक्टेट, सीआरपी, प्रोकॅल्सिटोनिन, अजून दोन-तीन तपासण्या. आणि अठ्ठाविसाव्या दिवशी बघायचं, माणूस आहे की नाही. यातलं कोणतं रक्त आधीच सांगत होतं, ते शोधायचंय."

"आधीच सांगतं का?"

"थोडंफार. किती आणि कधी, तेच तर बघायचंय."

लॅक्टेट मला माहीत होतं. शरीराला प्राणवायू पुरेनासा झाला, रक्त नीट फिरेनासं झालं, की ते रक्तात साचायला लागतं. निरोगी माणसाचं दोनच्या आत असतं. चारच्या वर गेलं की डॉक्टर लोकांच्या हालचालीच बदलतात. नळी करड्या टोपणाची असते, बर्फात ठेवून आणावी लागते आणि आली की लगेच लावावी लागते. मॅडमचा अभ्यास सुरू झाला आणि माझ्या खिडकीत करड्या टोपणांची रांग लागली.

फोन आधी त्या स्वतः करत होत्या. आठवड्याभरात वैतागल्या.

"काका, लोक माझा फोन कापतात. त्यांना वाटतं बँकेतून बोलते. माझं बोलणंच तसं आहे का हो?"

तसंच होतं. त्या शुद्ध बोलायच्या, भरभर बोलायच्या, आणि 'रुग्ण हयात आहेत का' असं विचारायच्या. फॉर्मवर पहिला प्रश्न तोच छापलेला होता. मी म्हटलं, द्या माझ्याकडे. त्यांनी अभ्यासासाठी घेतलेला साधा मोबाइल आणि यादी माझ्याकडे दिली. दुपारी एक ते दोन, डबा खायच्या सुट्टीत, मी ते फोन करू लागलो.

'हयात आहेत का' हे मला कधीच विचारता आलं नाही. मी म्हणायचो, "दवाखान्यातून बोलतोय, जालन्याहून. तब्येत कशी हाय आता?" माणूस बरा असला की लगेच उत्तर यायचं. नसला की तिकडे थोडा वेळ काहीच ऐकू यायचं नाही, आणि त्या शांततेतच मला कळायचं. कोणी म्हणायचं, "तेरवी झाली साहेब, बुधवारी." कोणी म्हणायचं, "पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला परवाच." त्या एका शब्दावरून कळायचं की हे घर आपल्यातलं आहे. मग मी घास बाजूला ठेवून हलक्या आवाजात जय भीम म्हणायचो, आणि तिकडूनही जय भीम यायचा. एक जण चिडून म्हणाला, "आता फोन करता? तवा कुठं गेल्ते?" मी ऐकून घेतलं. तेव्हा मी खिडकीच्या अलीकडे होतो, हे त्याला सांगून काय उपयोग.

मला ते फोन आवडू लागले, हे लिहायला संकोच वाटतो. ज्या दिवशी यादीत तीन-चार नावं असायची, त्या दिवशी मी सकाळी जरा उत्साहात निघायचो. यादी रिकामी असली की दुपार जाता जायची नाही. लोक बोलायचे. पथ्य काय, पायाला मुंग्या येतात, गोळी जेवणाआधी की नंतर. अंकुशनगरच्या एका बाईनं, जिचा नवरा वाचला होता, मला फोनवर विचारलं, "जेवण झालं का साहेब?" मी हो म्हणालो. डबा समोर उघडाच होता. त्या दिवशी ती भाजी मी सावकाश खाल्ली.

आणखी एक सवय लागली होती. नंबर लावायच्या आधी मी फॉर्मवरचा आकडा बघायचो आणि मनात ठरवायचो, आहे की गेला. बहुतेक वेळा माझा अंदाज बरोबर निघायचा.

जूनच्या मध्याला एका बाईचा फॉर्म वर आला. वय अंदाजे पासष्ट. मे महिन्यात, भर दुपारी, बेशुद्ध अवस्थेत आणलेली. उष्माघात. नावाच्या जागी फक्त पहिलं नाव, आडनाव नाही. गाव केदारखेडा. नातेवाईक म्हणून मुलगा, खाली त्याची सही आणि फोन नंबर. लॅक्टेट साडेअकरा. ती नळी मला आठवत होती. यंत्रानं तो आकडा दाखवला तेव्हा चूक झाली असेल म्हणून मी तपासणी परत लावली होती. परत साडेअकराच आलं. दोन दिवसांनी तिच्या किडन्या थकल्या म्हणून तिला संभाजीनगरला पाठवलं, एवढी पुढची नोंद.

मी मनात 'गेली' म्हटलं आणि नंबर लावला.

"दवाखान्यातून बोलतोय, जालन्याहून."

तिकडे गाडीचा आवाज येत होता. तो बंद झाला.

"बोला साहेब."

"तुमच्या आईला मे महिन्यात आणलं होतं तुम्ही. तब्येत कशी हाय आता त्यांची?"

तो बराच वेळ गप्प. मी नेहमीसारखा थांबलो. मग तो म्हणाला, "साहेब, तुम्हीच सांगा ना. जगली का ती बाई?"

मला काही कळेना. मी म्हटलं, "तुम्ही मुलगा ना त्यांचे?"

"न्हाई हो. म्या कोणीच न्हाई तिचा." त्याचा आवाज खाली आला. "म्या टेम्पोवाला हाय. टेंभुर्णीचा. मोसंबी घेऊन चाललो होतो जालन्याला. भोकरदन रोडला फाट्यावर ही बाई लिंबाखाली पडेल होती. अंग तव्यासारखं. केदारखेडा केदारखेडा एवढंच पुटपुटत होती आन् आपलं नाव सांगत होती. म्या मोसंबीच्या जाळ्या सरकवल्या, तिला आडवी केली आन् आणली. तिथं विचारलं, तुम्ही कोण लागता? माझ्या तोंडून निघून गेलं, मुलगा. मुलगा म्हणलं की जल्दी घेतील असं वाटलं मला. मंग सही मागितली, ती बी केली. मंग भ्यालो. खोटी सही केली ना. माल बी खराब होऊन राह्यला होता. निघून गेलो."

"नंतर विचारायला यायचं ना."

"आल्तो साहेब. दोनदा गेटपर्यंत आल्तो. पण मुलगा होऊन बसलो होतो. आता मुलगाच कसा विचारणार, माझी आई जगली का म्हणून?"

मी त्याला थांबायला सांगितलं आणि फोन ठेवला. संभाजीनगरच्या रुग्णालयात फोन केला. तिथल्या माणसानं वही बघून सांगितलं, नवव्या दिवशी घरच्यांनी नेलं. घरच्यांचा नंबर देता येणार नाही म्हणाला, आणि ते बरोबरच होतं. पण 'घरी नेलं' याचे दोन अर्थ असतात, हे दवाखान्यात काम करणाऱ्या कोणालाही माहीत आहे. बरं झालं म्हणून नेतात आणि आता घरीच जाऊ द्या म्हणूनही नेतात.

मॅडमना सांगितलं तर त्या डोक्याला हात लावून बसल्या.

"म्हणजे संमतीच नाही आपल्याकडे. काका, त्या असतील तर त्यांना स्वतःला विचारायला हवं. नसतील तर खऱ्या नातेवाइकांना."

"मी जाऊन येतो रविवारी," मी म्हणालो. रविवारी मला काहीच नसायचं.

"जा. पण सगळं नीट सांगायचं आधी. आणि नाही म्हणाल्या तर नाही. दोनदा विचारायचं नाही."

टेम्पोवाल्याला कळवलं तर तो म्हणाला, म्या बी येतो. रविवारी सकाळी तो मला घ्यायला जालन्यात आला. चाळिशीचा, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट. टेम्पो धुतलेला होता, तरी आत मोसंबीच्या सालीचा वास मुरलेला. सीटच्या मागे एक जुन्या कापडाची शिवलेली पिशवी अडकवली होती.

"तिची हाय," तो म्हणाला. "घाईत माझ्या गाडीतच राह्यली. आत ल्हान पोरीचा फ्रॉक हाय, शेवचा पुडा अन् चष्मा. घरात नेली तर बायको म्हणली, मेलेल्या माणसाची वस्तू असंल तर घरात नको. तवापासून इथंच हाय."

अठ्ठावीस दिवसांहून जास्त ती पिशवी त्याच्यासोबत मोसंबी वाहत फिरली होती.

राजूर मागे पडलं तेव्हा त्यानं विचारलं, "साहेब, तुमच्या तपासणीत तिचा आकडा किती आल्ता?"

सांगायचं नसतं. पण मी सांगितलं, "साडेअकरा."

"किती पायजे?"

"दोनच्या आत."

तो रस्त्याकडे बघत राहिला. "मंग गेलीच असंल."

"बहुतेक," मी म्हणालो. माझ्या बाजूनं तो विषय संपला होता. मला फक्त कोणाची तरी सही हवी होती.

केदारखेड्यात एका किराणा दुकानासमोर त्यानं गाडी लावली. मी उतरून विचारलं. पहिलं नाव सांगितलं, वय सांगितलं, मे महिन्यात ऊन लागलं होतं म्हणालो. दुकानदार वाण्यानं पुडी बांधता बांधता वरही बघितलं नाही.

"ती म्हातारी? ती काय, गिरणीत गेली आत्ताच दळण घेऊन."

मी टेम्पोकडे परत आलो. "गिरणीत गेलीये," मी म्हणालो. त्याला काही समजलं नाही. "कोण?" "ती. दळायला गेलीये." तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तसाच बसला. मग नाक शिंकरून, तोंड पुसून खाली उतरला.

गिरणी जवळच होती. दारातल्या पायरीवर एक वाळलेली, उंच बाई डब्याशेजारी बसली होती. पट्ट्याच्या घरघराटात शेजारच्या दोन बायकांशी मोठ्यानं बोलत होती. भुवयांवर पीठ. मी तिच्याकडे बघत राहिलो. साडेअकरा आकड्याचं माणूस कसं असतं याचं माझ्या मनात जे काही होतं, त्यात ही बाई कुठंच बसत नव्हती.

टेम्पोवाला पुढे झाला. "मावशी."

"कोण रे?"

"म्या टेम्पोवाला."

"कोणचा टेम्पो? म्या न्हाई बोलावला टेम्पो."

त्यानं पिशवी पुढे केली. तिनं ती ओळखली. हिसकावल्यासारखी घेतली, मांडीवर उपडी केली. फ्रॉक उलगडून बघितला. "आता व्हायचा न्हाई नातीला," म्हणाली. शेवचा पुडा हातानं चाचपला. "सादळली मावशी," तो अपराधी चेहऱ्यानं म्हणाला. मग चष्मा. दोन्ही काड्यांना दोरा बांधलेला. तिनं दोरा मानेवरून घालून चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मान वर करून त्याच्याकडे बघितलं. मागे गिरणी चालूच होती.

"मला काय बी आठवत न्हाई," ती शेवटी म्हणाली. "बस येईना, एवढं आठवतं. मंग एकदम लेक दिसली, औरंगाबादच्या दवाखान्यात. दवाखान्यानं गावात निरोप धाडला, तवा ती आल्ती. लेक म्हणली, आई, तुझ्या जालन्याच्या कागदावर मुलगा लिहिलाय. म्या म्हणलं, मला कुठं हाय मुलगा? मला दोघी लेकीच. आम्हाला वाटलं, दुसऱ्याच कोणाचा कागद लावला." तिनं चष्मा सारखा केला. "तूच का तो?"

"चुकी झाली मावशी. जल्दी जल्दीत बोलून गेलो."

"चुकी कशाची मेल्या," ती म्हणाली आणि त्याच्या दंडाला धरून उठली. "डबा घे. घरी चल."

त्यानं पिठाचा डबा खांद्यावर घेतला. ती त्याच्या शेजारून चालू लागली. वाटेत जो दिसेल त्याला थांबवून सांगत होती, "ह्यो बघा, ह्यानं नेल्तं मला." लोक त्याच्याकडे बघायचे, कोणी हात जोडायचे. मी फाइल घेऊन मागून चाललो होतो. कोणी माझ्याबद्दल विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं तरी काय सांगितलं असतं? मी कोण हे तिला अजून कळलं नव्हतं.

दोन खोल्यांचं घर, दारात तुळस नाही पण गवती चहाचा मोठा बुंधा. तिनं चहा ठेवला. पाय सुजतात म्हणाली, औरंगाबादला महिन्याला दाखवायचं असतं, पण लेकी सासरी, नेणार कोण. टेम्पोवाला लगेच म्हणाला, "म्या नेतो. माझी फेरी असतेच." ते दोघं बोलत राहिले. त्याच्या घरी कोण कोण, आई कधी वारली, पोरं कितवीत. चहाचा कप रिकामा झाल्यावर मी घसा साफ करून माझी ओळख सांगितली.

मी सगळं नीट सांगितलं, मॅडमनी बजावल्याप्रमाणे. तुमचं रक्त तपासलं होतं. त्याचे आकडे एका अभ्यासात घ्यायचे आहेत. नाव कुठं येणार नाही. पुढच्या पेशंटला उपयोग होईल. तुमची मर्जी असेल तर इथं सही किंवा अंगठा.

तिनं चष्म्यातून कागद बघितला. वाचता येत नव्हतं, तरी खालपर्यंत बघितला.

"काय निघालं व्हतं माझ्या रक्तात?"

"आकडा फार जास्त होता. जगणं अवघड असा."

"तुम्ही बघितलं व्हतं?"

"मीच तपासलं होतं."

"मंग तुम्हाला वाटलं असंल, मेली."

मी म्हणालो, "हो."

तिला त्याचा राग आला नाही. कागद घडी न घालता तिनं माझ्याकडे परत दिला. "न्हाई भाऊ. मेले असते तर कोणी तरी अंगठा दिलाच असता ना, मंग लिहिलं असतं तुम्ही. आता जिती हाय, तर ऱ्हाऊ द्या. मेलेल्यांच्या यादीत माझं रक्त नको."

मला सांगावंसं वाटलं, की यादीत जिवंत माणसंही आहेत, आणि तुमच्यासारखं माणूस त्या यादीत असणं किती मोलाचं आहे. तोंडापर्यंत आलं. पण दोनदा विचारायचं नाही, असं ठरलं होतं. मी कागद फाइलीत घातला.

मग तिनं मला विचारलं, "तुमच्या घरी कोण असतं?"

"मी एकटाच. बायको पुण्याला असते, मुलाकडे."

"भाकरी कोण करतं?"

"डबा लावलाय."

"म्या बी एकटीच," ती म्हणाली. "पण मला गिरणी हाय, बाया हायत. बोलाया भेटतं." मग ताज्या पिठाच्या डब्याचं झाकण काढत म्हणाली, "बसा, दोन भाकरी टाकते. जेवूनच जा दोघं बी."

टेम्पोवाला हात धुवायला उठलासुद्धा. मी म्हणालो, मला बस आहे. खरं तर बसची मला काही माहिती नव्हती. तिनं एकदाच आग्रह केला होता. दुसऱ्यांदा केला असता तर मी थांबलो असतो. पण तोपर्यंत ती परातीत पीठ घेऊन बसली होती आणि त्याला विचारत होती, झुणका चालतो का रे तुला.

"साहेब, सोडतो ना तुम्हाला," तो दारापर्यंत येऊन म्हणाला.

"तुमचं गाव उलट्या बाजूला. जेवा तुम्ही. मी जातो."

बस तासाभरानं आली. खिडकीशी जागा मिळाली. मला कोणाला तरी सांगायचं होतं, की साडेअकराची बाई गिरणीत दळण घेऊन बसली होती. बायकोला फोन लावला. "अगं, आज एक गंमत झाली," मी सुरू केलं. तिकडे नात रडत होती, तिला भरवायचं चाललं होतं. "अहो, थांबा जरा, हिनं सगळं सांडलं. मागाहून सांगाल?" मी हो म्हणालो. नंतरच्या फोनमध्ये तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दूध आणलं का, एवढंच झालं.

सोमवारी मॅडमना कोरा कागद दिला. त्यांनी एकदा मान हलवली आणि संगणकावर तिची ओळ काढून टाकायला घेतली.

"मॅडम," मी म्हणालो, "एवढ्या आकड्याला जगलेलं दुसरं कोणी नाही आपल्या यादीत. हीच काढायची?"

"वेगळी आहे म्हणून ठेवता येत नाही ना काका. नाही म्हणाल्या त्या." मग त्यांनी थोडा वेळ हात थांबवला. "आणि सहा तासांनी दुसरा नमुना घेतला होता त्यांचा. तेव्हा लॅक्टेट पाचच्या खाली आलं होतं. इतक्या लवकर उतरणं ही चांगली खूण असते. तुम्ही तो बघितला नसेल."

नव्हता बघितला. तो दुसऱ्या पाळीत आला होता. मी सव्वा महिना पहिलाच आकडा घेऊन बसलो होतो.

त्यांनी ओळ काढली. खालच्या ओळी एकेक करून वर सरकल्या.

पुढच्या हिवाळ्यात मॅडमचा अभ्यास संपला. त्यांनी मोबाइल परत घेतला. जाताना पेढे दिले आणि म्हणाल्या, "काका, तुमच्याशिवाय निम्मे लोक सापडले नसते." त्या फोनवर अजून लोकांचे कॉल येत असतील का, हे विचारायचं राहून गेलं. अंकुशनगरच्या बाईचा नंबर मी लिहून घेतला नव्हता. घ्यायचाही नसतो.

टेम्पोवाल्याकडे मात्र माझा स्वतःचा नंबर होता. तो मावशीला खरंच दर महिन्याला संभाजीनगरला नेत असे. रिपोर्ट हातात पडला की तिथूनच मला फोन करायचा. "साहेब, क्रिएटिनिन एक पॉइंट सहा. बराबर हाय का?" मागच्या वेळी किती होतं, मी विचारायचो. तो सांगायचा. "उतरतंय, चांगलं आहे," मी म्हणायचो. "मावशी, साहेब म्हणत्यात चांगलं हाय," असं तो तिकडे ओरडून सांगायचा, मग म्हणायचा, "ठेवतो साहेब, गाडी लावायला जागा न्हाई." तिच्याशी माझं बोलणं कधी झालं नाही. ती काय म्हणते असं मी एकदा विचारलं तर तो म्हणाला, "कोण साहेब म्हणून विचारते दर बारी. म्या सांगतो, ते न्हाई का, कागद घेऊन आल्ते."

मी निवृत्त झालो. शाल, नारळ, फोटो. बायको दोन दिवसांसाठी आली, घर झाडून-पुसून, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवून परत गेली. तुम्हीच चला ना तिकडे, असं म्हणाली. मी महिनाभर राहून आलो. तिथं सगळ्यांना आपापली कामं होती, आणि मला नातीला बालवाडीतून आणण्याचं. ते दहा मिनिटांचं काम होतं.

आता मी एका खासगी प्रयोगशाळेसाठी घरोघरी जाऊन रक्त घेतो. सकाळी सात ते दहा, स्कूटरवर. साडेबत्तीस वर्षं नळीत आलेलं रक्त बघितल्यावर, पहिल्या दिवशी एका आजोबांना मला दोनदा टोचावं लागलं होतं. आता एकदाच पुरतं. बहुतेक लोक सुई टोचताना तोंड फिरवतात, त्यामुळे चेहरे अर्धेच दिसतात. एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत, पंचाहत्तरीचे, एकटेच असतात. दर पंधरा दिवसांनी त्यांचं रक्त न्यावं लागतं. ते माझ्यासाठी आधीच खुर्ची पुसून ठेवतात, चहाचं पाणी चढवून ठेवतात. "बसा जरा, गडबड काय," म्हणतात. नमुना तासाभरात पोचवायचा असतो. चहा मी उभ्यानंच घेतो.